विश्लेषण : पोटाचा घेर वाढला की मूतखडा का होतो?

मूतखडा झाला की पहिला दोष कमी पाणी पिण्याला दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. वाढलेले वजन, त्यातही पोटाभोवती साठलेली चरबी, लघवीची रासायनिक घडणच बदलून टाकते, हे गेल्या दोन दशकांत स्पष्ट होत गेले आहे. पंचाईत अशी की घाईने वजन उतरवण्याचे काही लोकप्रिय मार्गही खड्याकडेच नेतात.

कमी पाणी एवढेच कारण?

खानदेश-विदर्भाचा उन्हाळा आणि मूतखडा यांची सोयरीक जुनी आहे. जळगाव, अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर जातो. शेतात, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबणाऱ्याच्या अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, लघवी थोडी आणि दाट होते आणि तिच्यात विरघळलेले क्षार स्फटिकरूपाने वेगळे होऊ लागतात. कंबरेतून जांघेकडे उतरणारी कळ, ओकाऱ्या, रात्रीतून गाठलेला दवाखाना आणि सोनोग्राफीत दिसलेला सहा-सात मिलिमीटरचा खडा ही कहाणी बहुतेक कुटुंबांत कुणा ना कुणाच्या तोंडी ऐकायला मिळते.

मात्र आता दवाखान्याच्या बाकावर दुसरा रुग्णही बसलेला असतो. तो वातानुकूलित कार्यालयात काम करतो, टेबलावर पाण्याची बाटली असते, ऊन लागते ते गाडीपर्यंत जाण्यापुरते. त्याच्या कंबरेच्या पट्ट्याचे भोक दर वर्षी एकेक पुढे सरकले आहे आणि साखरेची तपासणी 'बॉर्डरवर' आली आहे. 'मी तर पाणी भरपूर पितो, मग मला खडा का,' हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पाण्याच्या ग्लासात नाही, पट्ट्याच्या भोकात आहे.

आकडे काय सांगतात?

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास अमेरिकेतील टेलर, स्टॅम्फर आणि कुऱ्हान या संशोधकांचा. तो २००५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षे पाठपुरावा झालेल्या तीन मोठ्या गटांतील सुमारे २ लाख ४१ हजार आरोग्य व्यावसायिक आणि परिचारिका यांची माहिती त्यात तपासली गेली. १०० किलोंहून अधिक वजनाच्या पुरुषांना, ६८ किलोंपेक्षा कमी वजनाच्या पुरुषांच्या तुलनेत, मूतखड्याचा धोका ४४ टक्के अधिक आढळला. स्त्रियांमध्ये याच दोन वजनगटांतील फरक जवळपास दुपटीचा होता.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष जास्त बोलका आहे. तरुणपणीच्या, म्हणजे १८-२१ वर्षांच्या वयातील वजनाच्या तुलनेत ज्यांचे वजन पुढे सुमारे १६ किलोंहून जास्त वाढले, त्या पुरुषांत धोका ३९ टक्क्यांनी वाढला. वयाने मोठ्या स्त्रियांत ७० टक्क्यांनी आणि तरुण स्त्रियांत ८२ टक्क्यांनी. लग्नातला सदरा आणि आजचा सदरा शेजारी ठेवून पाहिले तर अनेकांना हा आकडा परका वाटणार नाही. कंबरेचा घेर जसा वाढतो तसा धोकाही वाढतो, हेही त्यात दिसले. पुढे ब्रिटनमधील 'यूके बायोबँक'च्या माहितीवर आधारित संशोधनानेही एकूण स्थूलतेपेक्षा पोटाभोवतीच्या चरबीकडेच बोट दाखवले.

टक्केवारी वाचून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. अमेरिकेच्या २००७ ते २०१० या काळातील राष्ट्रीय पाहणीत, आयुष्यात कधी तरी मूतखडा झालेल्यांचे प्रमाण सामान्य वजनाच्या लोकांत ६.१ टक्के होते, तर स्थूल व्यक्तींत ११.२ टक्के. म्हणजे १०० स्थूल माणसांपैकी ८८-८९ जणांना खडा झालेला नव्हता. वजन धोका वाढवते; खडा होणारच असा शिक्का कपाळावर मारत नाही. या पाहणीतील आणि अभ्यासातील बहुतेक सहभागी पाश्चात्त्य देशांतील गौरवर्णीय होते, हेही ध्यानात ठेवायला हवे. आपल्याकडे इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतकी वर्षे माणसांचा माग ठेवणारे अभ्यास उभे राहिले नाहीत, ही आपली जुनी उणीव आहे.

चरबी पोटावर, मग बिघाड लघवीत कसा?

गोष्ट इन्सुलिनपासून सुरू होते. पोटाभोवती चरबी साठली की शरीराच्या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात. याला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. मधुमेहाच्या संदर्भात हा शब्द आपण ऐकलेला असतो. पण मूत्रपिंडालाही इन्सुलिनचे ऐकावे लागते, हे सहसा सांगितले जात नाही.

शरीरात रोज तयार होणारे जादा आम्ल बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे एक काम. आम्ल नुसते बाहेर सोडले तर लघवी फार आंबट होईल, म्हणून मूत्रपिंड सोबत अमोनिया तयार करते आणि तो आम्लाला सामावून घेतो. हा अमोनिया बनवण्याच्या कामाला इन्सुलिन चालना देते. प्रतिरोध आला की अमोनिया कमी पडतो आणि लघवी आम्लधर्मी होते. शाळेत शिकलेला 'सामू' इथे उपयोगी पडतो. सामू जितका कमी तितकी आम्लता जास्त. लघवीचा सामू साधारण ६ च्या आसपास असतो. तो ५.५ च्या खाली उतरला की लघवीतील युरिक ॲसिड विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाही आणि त्याचे खडे बनू लागतात. २००४ मध्ये डल्लास आणि शिकागो येथील ४,८८३ मूतखडा रुग्णांची माहिती तपासणाऱ्या संशोधनात हेच उतरत्या रेषेत दिसले. वजन वाढत गेले तसा लघवीचा सामू घसरत गेला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. युरिक ॲसिडचा खडा म्हणजे 'युरिक ॲसिड वाढले' असे आपण समजतो आणि रक्ततपासणीचा कागद घेऊन डाळी बंद करतो. प्रत्यक्षात अशा अनेक रुग्णांच्या लघवीत युरिक ॲसिडचे प्रमाण सामान्यच असते. दोष त्याच्या प्रमाणात नसतो, ते ज्या आंबट पाण्यात असते त्या पाण्यात असतो. मूठभर साखर कोमट दुधात विरघळते, बर्फाच्या पाण्यात तळाशी बसते, तसा काहीसा हा प्रकार.

बहुसंख्य मूतखडे, साधारण ७० ते ८० टक्के, कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात आणि वजनाचा त्यांच्याशीही संबंध आहे. देह मोठा तसा आहारही मोठा. त्यातून मीठ, मांस, गोड पेये जास्त पोटात जातात. जादा मीठ लघवीतून बाहेर जाताना कॅल्शियमलाही ओढून नेते. लघवीत ऑक्सलेटही जास्त सापडते. तरी वजनाची खास खूण म्हणाल तर ती युरिक ॲसिडचा खडा हीच. स्थूल आणि मधुमेही रुग्णांत त्याचा वाटा इतरांपेक्षा ठळकपणे मोठा असतो.

आपल्यासाठी 'जास्त वजन' म्हणजे किती?

किलोंमध्ये उंची मीटरमध्ये घेऊन केलेल्या वर्गाचा भाग दिला की बीएमआय मिळतो. युरोप-अमेरिकेत तो ३० च्या पुढे गेल्यावर स्थूलता धरतात. भारतीयांच्या अंगात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त आणि तीही पोटाशी साठत असल्याने आपल्याकडील तज्ज्ञांनी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता मानली आहे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी ही २५ ची रेषा ६८ किलोंवर येते. 'मी कुठे जाड आहे,' असे म्हणणारे कितीतरी जण या रेषेपलीकडे उभे आहेत. कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, ही आपली ओळखीची ठेवण या दृष्टीने अधिक घातक.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक असलेले आढळले. त्याआधीच्या फेरीत हे आकडे २०.६ आणि १८.९ होते. पाच वर्षांत झालेली ही वाढ मधुमेह आणि हृदयविकाराच्या संदर्भात बोलली जाते. मूत्ररोगतज्ज्ञांच्या दारातली रांग त्याच वाढीचा एक भाग आहे, हे मात्र फारसे बोलले जात नाही.

मग वजन झपाट्याने उतरवले तर?

इथे सर्वांत जास्त सावध राहायला हवे. जानेवारीत व्यायामशाळेची वर्गणी भरायची, भाकरी-भात बंद करायचा, प्रोटीन पावडरचे डबे आणायचे, सकाळी पालकाचा कच्चा रस प्यायचा आणि घाम जास्त यावा म्हणून जाड जॅकेट घालून पळायचे. महिन्याभरात सहा किलो उतरतात आणि पाठीत कळ येते. यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. एकत्र आली की ती खड्याची कृती होते.

कर्बोदके जवळपास बंद करून प्रथिने वाढवणाऱ्या आहाराचा १० निरोगी व्यक्तींवर सहा आठवडे केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लघवीची आम्लता वाढली, कॅल्शियम वाढले आणि स्फटिक बनू न देणारे सायट्रेट घटले. म्हणजे खड्याला हवी असलेली तिन्ही परिस्थिती एकाच थाळीत. अपस्मारावर उपचार म्हणून कीटोजेनिक आहार देण्यात येणाऱ्या लहान मुलांत मूतखडा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि डॉक्टर त्यावर लक्ष ठेवून असतात. समाजमाध्यमावरचे चित्रफितीचे गुरुजी ठेवत नाहीत. पालकात ऑक्सलेट भरपूर असते. भाजी म्हणून आठवड्यातून एकदा-दोनदा खाल्ल्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही, मात्र रोज पेलाभर कच्चा रस पिणाऱ्यांची मूत्रपिंडे ऑक्सलेटने निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

शस्त्रक्रियेने वजन उतरवणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९६० आणि ७० च्या दशकांत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी करणारी एक शस्त्रक्रिया केली जात असे. वजन उतरे, पण यकृताचे विकार आणि मूतखडे इतके होऊ लागले की ती सोडून द्यावी लागली. आजच्या 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये हा धोका पुष्कळ कमी असला तरी संपलेला नाही. अन्नातील चरबी नीट शोषली गेली नाही की ती आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते. एरवी हेच कॅल्शियम ऑक्सलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेत असते. आता मोकळे राहिलेले ऑक्सलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरते. मेयो क्लिनिकच्या २०१५ मधील अभ्यासात अशा शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११.१ टक्के जणांना पुढील काही वर्षांत नवे मूतखडे झाले. शस्त्रक्रिया न झालेल्या, तितक्याच स्थूल व्यक्तींत हे प्रमाण ४.३ टक्के होते. जठराचा आकार फक्त लहान करणाऱ्या 'स्लीव्ह' प्रकारात धोका तुलनेने कमी दिसतो. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी या शस्त्रक्रियेला घाबरावे, असा याचा अर्थ नाही. मधुमेह आणि हृदयाला होणारा तिचा फायदा मोठा आहे. पण शस्त्रक्रियेपूर्वी 'मला आधी खडा झाला होता' हे सांगायचे आणि नंतर पाणी व कॅल्शियमचा सल्ला पाळायचा, एवढे तरी व्हावे. २०२५ पासून भारतात मिळू लागलेल्या वजन घटवण्याच्या इंजेक्शनांबाबतही हेच. मळमळ, उलट्या आणि तहान-भूक मंदावणे यांमुळे पाणी कमी पडू शकते.

महिन्याला दोन-तीन किलोंपेक्षा घाई न करता, पोळी-भाकरी पूर्ण न सोडता उतरवलेले वजन लघवीला झेपते. फक्त वजन घटवल्याने खडे थांबतात, असे सिद्ध करणारी मोठी चाचणी अजून झालेली नाही. तरीही जे कारण लघवी आंबट करते ते दूर केलेले बरे, हा तर्क पक्का आहे आणि युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही वजन सामान्य ठेवण्याचा सल्ला आहे.

पथ्याच्या कागदावर काय असावे?

आपल्याकडे खडा निघाला की रुग्णाच्या हाती एक कागद पडतो : टोमॅटो बंद, वांगे बंद, बिया बंद, दूध बंद. यातील शेवटची सूचना तर उलटी आहे. इटलीतील बोर्गी यांच्या गटाने २००२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला आणि निम्म्यांना नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ व मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या गटातील ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात १२ जणांना. जेवणासोबत दही किंवा बिनमिठाचे ताक घेणे हे पथ्यच आहे. बंद करायचे ते लोणचे-पापड, फरसाण, पाकिटातले चटपटीत पदार्थ आणि शीतपेये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपण त्याच्या जवळपास दुप्पट खातो.

बिअरचा उल्लेख टाळता येत नाही, कारण 'बिअर प्या, खडा पडेल' हा सल्ला आजही मित्रमंडळींत मोफत मिळतो. बिअरने तात्पुरती लघवी जास्त होते, मागाहून शरीर कोरडे पडते, युरिक ॲसिड वाढते आणि पोटाचा घेरही. ज्या विकारावर इलाज म्हणून ती प्यायची त्याचीच ती सामग्री.

पाण्याला पर्याय नाही, हे मात्र खरेच. याच बोर्गी गटाने १९९६ मध्ये दाखवून दिले होते की दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत १२ टक्के जणांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्के जणांना. त्यासाठी रोज अडीच-तीन लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी लागते. (हृदय वा मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.) पण हा सल्ला देताना आपण एक गोष्ट विसरतो. बाजारात भाजी विकणारी बाई, बंदोबस्तावरची महिला पोलीस, एसटीची महिला वाहक या ठरवून पाणी कमी पितात, कारण जायला जागा नसते. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम याच कारणाने सुरू झाली. तीन लिटर पाणी प्या, हे सांगणे सोपे आहे. रस्त्यावर स्वच्छ, मोफत स्वच्छतागृह उभे करणे हे पालिकांचे काम आहे आणि मूतखड्याच्या प्रतिबंधात त्याचा वाटा कोणत्याही पथ्याच्या कागदापेक्षा कमी नाही.

निघालेल्या खड्याचे काय करावे?

बहुतेक घरांत तो छोट्या डबीत कापसावर ठेवलेला असतो आणि पाहुण्यांना दाखवला जातो. तो प्रयोगशाळेत पाठवला जात नाही. खड्याचे रासायनिक विश्लेषण आणि पुन:पुन्हा खडे होणाऱ्यांसाठी २४ तासांच्या लघवीची तपासणी, या दोन गोष्टींवर पुढचा सगळा उपचार अवलंबून असतो. तरी लेसरने खडा फोडण्यावर हजारो रुपये खर्च होतात आणि त्याची जात तपासण्याचा विषयच निघत नाही. रुग्णानेच तो काढायला हवा.

हे वजनदार रुग्णांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचे, कारण युरिक ॲसिडचा खडा हा एकच असा खडा आहे जो बऱ्याचदा औषधाने विरघळवता येतो. पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीचा सामू ६.५ च्या आसपास नेला की काही आठवड्यांत तो झिजू लागतो. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसतो. त्यामुळे 'एक्स-रेत नाही पण सोनोग्राफीत आहे' असा अहवाल आला तर ती एक सूचना असू शकते. औषध अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण सामू फार चढला तर दुसऱ्या प्रकारचे खडे होतात.

शस्त्रक्रियेची वेळ आली तरी वजन आडवे येते. चरबीच्या जाड थरातून सोनोग्राफी धूसर दिसते. शरीराबाहेरून ध्वनीलहरींचे झटके देऊन खडा फोडण्याच्या पद्धतीत त्वचेपासून खड्यापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटरच्या पुढे गेले की यशाचे प्रमाण घसरते. अशा वेळी मूत्रमार्गातून दुर्बीण नेऊन लेसर वापरणे अधिक खात्रीचे ठरते.

तिशी-चाळिशीत, पोट सुटलेल्या माणसाला पहिला मूतखडा झाला तर त्या दिवशी केवळ खड्याचा विचार करून भागत नाही. साखर, रक्तदाब आणि चरबी यांची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. ज्या इन्सुलिन प्रतिरोधाने लघवी आंबट केली तोच पुढे मधुमेहाचे दार उघडतो. आणि कळ येताना थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर घरगुती कुळथाचे कढण बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकते.